सात दिवसांनी पुन्हा दाखव

सुरतेच्या लिंबायतमध्ये तुम्ही ताके तपासता. संचावरून उतरलेलं कापड काचेच्या टेबलावरून ओढायचं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि डोळे ताण्या-बाण्यावर. कुठे धागा तुटलाय, कुठे बाण्याचा पट्टा पडलाय, कुठे तेलाचा डाग बसलाय. डाग दिसला की खडूची खूण. ताका पास करायचा, धुवायला पाठवायचा की सेकंडमध्ये टाकायचा, हे तुम्ही ठरवता. शेठ आरडाओरडा करतो, पण तुमची खूण पुसत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून तुमच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा एक फिका चट्टा आहे. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तुम्ही बाही खाली ओढून घेतली आहे. आई अहिराणीत विचारते, "काय व्हयनं?" तुम्ही म्हणता, "काही नाही."

चला तर. लिंबायतच्या गरनाळ्यात शिरा. डोक्यावरून रेल्वे धडधडत जाते, रिक्षांचे भोंगे एकमेकांत मिसळतात, आणि पलीकडे बाहेर पडता तेव्हा भोंगे नसतात. समोर डोंगरउतार, दगडी बांध, जैतुनाची झाडं, सपाट धाब्यांची पाच-पंचवीस घरं. हे यरुशलेमच्या दक्षिणेकडचं खेडं आहे आणि साल इसवी सन 60 च्या आसपासचं. यरुशलेममध्ये मंदिर अजून उभं आहे. दहाएक वर्षांत, 70 साली, रोमी सैन्य ते जाळून पाडणार आहे. इथे कुणाला ते माहीत नाही. तुम्हीही तोंड उघडू नका.

एका अंगणात एक माणूस उभा आहे. त्याच्या खांद्यावर पांढुरका डाग आहे. त्याला वैद्याकडे नेलेलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या 13 व्या आणि 14 व्या अध्यायांत, स्पष्ट सांगितलं आहे की असा डाग दिसला तर माणसाला अहरोनाकडे किंवा त्याच्या वंशातल्या एखाद्या याजकाकडे न्यावं. म्हणून याजकाची वाट बघणं चालू आहे.

याजक येतो तो शेतातून, पायांना माती लागलेली. तुम्ही झगमगत्या वस्त्रांची अपेक्षा केली असेल, तर ती मंदिरात घालायची. याजकांचे 24 वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाची मंदिरातली पाळी एका वेळी एक आठवड्याची, वर्षातून दोनदा, आणि मोठ्या सणांना सगळ्यांनाच बोलावणं. उरलेलं वर्ष हा माणूस आपल्या गावात असतो. याजकपण त्याला बापाकडून मिळालं आहे, परीक्षा देऊन नाही.

तो डागाकडे बघत नाही. आधी आकाशाकडे बघतो.

"अजून नाही. ऊन नीट चढू दे."

इथे तुमच्या मनात पहिल्यांदा त्याच्याविषयी आदर निर्माण होतो. डाग भल्या पहाटे तपासायचा नाही, संध्याकाळी नाही, घराच्या आत नाही, ढगाळ दिवशी नाही. कारण अंधूक उजेडात फिका पांढराही उजळ दिसतो. भर दुपारीही नाही, कारण तेव्हा उजळ पांढरा फिका दिसतो. अंधाऱ्या घरात खिडक्या पाडून उजेड आणायचा नाही. एका डोळ्याने अंध किंवा नजर मंद झालेल्या याजकाने तपासणी करायचीच नाही. स्वतःच्या अंगावरचा डाग कुणी स्वतः ठरवायचा नाही. एका मतानुसार नातेवाइकांचाही नाही. हे बारकावे मिशना नावाच्या ग्रंथात आहेत, त्यातल्या 'नगाईम' या भागात, आणि तो ग्रंथ संकलित झाला सुमारे 200 साली. ट्यूब फडफडत असताना ताका पास करू नये, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मुकादमाने सांगितलं होतं.

ऊन चढतं. याजक माणसाला उभं करतो: आधी कुदळ मारताना वाकतो तसा, मग जैतुनाची फळं तोडताना हात वर करतो तसा. यापलीकडच्या घड्या उघडून बघायच्या नाहीत. बाई असेल तर ती कणीक मळताना बसते तशी, लेकराला पाजताना धरते तशी, आणि उजव्या काखेसाठी उभ्या मागावर विणताना हात उचलते तशी. रोजच्या कामात शरीराचा जेवढा भाग दिसतो तेवढाच तपासायचा. पुढच्या शतकात रब्बी इश्माएल एक गोष्ट आणखी सांगतील: गोऱ्या जर्मन माणसाच्या अंगावर उजळ डाग फिका दिसतो आणि काळ्या कूशी माणसाच्या अंगावर फिका डाग उजळ, आपले लोक बॉक्सवुडच्या लाकडासारखे, ना काळे ना गोरे. गहू-सावळ्या कातडीवर पांढरेपणा कसा मोजायचा याचा विचार कुणीतरी तेव्हाच करून ठेवला होता. आजही त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांतली बहुतेक छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात, हे जाता जाता.

आता याजक बोलतो, पण प्रश्नांपुरतंच. डागातले केस पांढरे झालेत का? डाग भोवतीच्या कातडीपेक्षा खोल दिसतो का? मध्ये कच्चं मांस दिसतं का? पसरतोय का? पांढऱ्यातही चार छटा आहेत: बर्फाची, मंदिराच्या भिंतीच्या चुन्याची, लोकरीची आणि अंड्याच्या आतल्या पापुद्र्याची. डाग भाजल्याच्या व्रणावर आला असेल तर वेगळे नियम, गळवाच्या जागी आला असेल तर वेगळे, डोक्यात किंवा दाढीत आला तर पिवळे बारीक केस शोधायचे. आणि एक फिका, निरुपद्रवी पांढरेपणा वेगळा काढून ठेवलेला आहे, आपल्याकडच्या शिब्यासारखा. तो असेल तर माणूस शुद्ध, घरी जा.

याच्या खांद्यावरचा डाग पांढरा आहे, पण केस काळे आहेत आणि खोली दिसत नाही. याजक त्याला बंद राहायला सांगतो.

"सात दिवसांनी पुन्हा दाखव."

बस्स, एवढंच. लेप नाही, काढा नाही, पथ्य नाही. तो हातही लावत नाही. 'काय पाप केलंस' असंही तो विचारत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोशेची बहीण मिर्यामने भावाची निंदा केली आणि तिचं अंग बर्फासारखं पांढरं पडलं, ही कथा पुढच्या प्रवचनकारांनी हजार वेळा घोळवली. निंदा केली की डाग उठतो असं सरळ समीकरण मांडलं. पण लक्षणांच्या त्या संबंध 13 व्या अध्यायात पापाचा उल्लेख नाही. केस, रंग, खोली, फैलाव आणि दिवस, एवढीच मापं आहेत.

सात दिवस कसे काढायचे याची चिंता करू नका, तुमची करमणूक होणार आहे. तिसऱ्या दिवशी एक बाई लोकरीचं वस्त्र घेऊन येते. त्यावर हिरवट डाग आहे. होय, कपड्यांचीही तपासणी याजकाकडेच. लोकर, लिनन किंवा कातडं. डाग ताण्यात असो की बाण्यात, हे शब्दच नियमशास्त्रात आहेत. रंग गडद हिरवा किंवा गडद लाल. सात दिवस बंद ठेवायचं. पसरला तर जाळायचं. नाही पसरला तर धुऊन पुन्हा सात दिवस. फिका पडला तर तेवढा तुकडा फाडून काढायचा. पुन्हा उगवला तर अख्खं जाळायचं. डाग धुऊन गेला तर आणखी एकदा धुवायचं, मग शुद्ध.

तुम्ही नकळत पुढे होता आणि वस्त्र उजेडात धरता. ओलाव्याने आलेली बुरशी आहे, तुम्हाला वास कळतो. याजक तुमच्याकडे बघतो, पण रागावत नाही. मग त्याचं लक्ष तुमच्या शर्टाकडे जातं. तुमचा शर्ट सुरतेचा, पॉलिस्टरचा. त्याला हा कायदा लागू नाही. लिंबायतचा अख्खा माल या कायद्यातून सुटतो.

पाचव्या दिवशी घराचं प्रकरण. घरमालक येतो आणि म्हणतो, "माझ्या घरात डागासारखं काहीतरी दिसतंय." कितीही शिकलेला असला तरी त्याने 'डाग आहे' असं म्हणायचं नाही, 'डागासारखं' म्हणायचं. याजक लगेच निघत नाही. आधी निरोप धाडतो: मी यायच्या आत घरातलं सगळं सामान बाहेर काढा. कारण त्याने बघून निकाल दिला की आत असेल ते सगळं अशुद्ध. निकालाआधी काहीच अशुद्ध नाही. रब्बी मेईर यांनी पुढे विचारलं, की यातून वाचतं काय? लाकूड, कापड, धातू तर धुऊन घेता येतात. वाचतात ती मातीची भांडी, कारण ती शुद्ध होत नाहीत, फोडावी लागतात. गरिबाची मडकी फुटू नयेत म्हणून नियमाने घर आधी रिकामं करायला लावलं. मिठी खाडीचं पाणी पावसाळ्यात तळमजल्यात शिरलं की तुम्हीही आधी सामानच वर काढता, आणि पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी हिरवी-काळी पोपडी धरते ती खरवडता. इथेही तेच सांगतील: डागाळलेले दगड काढा, भिंती खरवडा, नवा गिलावा करा, पुन्हा आलं तर घर पाडा. असं घर प्रत्यक्षात कधी झालंच नाही, नियम फक्त अभ्यासासाठी आहे, असंही एक मत तालमूद या यहुदी ग्रंथात नोंदलेलं आहे. मला ते मत आवडतं.

सातवा दिवस. खांद्याचा डाग पसरला आहे आणि त्यात दोन केस पांढरे आहेत. आज याजकाबरोबर एक विद्वान आला आहे. हा आपला याजक साधा माणूस, सगळे नियम त्याला पाठ नाहीत. विद्वान वाकून बघतो आणि याजकाला म्हणतो, "अशुद्ध म्हण."

याजक म्हणतो, "अशुद्ध."

त्या क्षणाला माणूस अशुद्ध होतो, त्याआधी नाही. डाग कालही होता. विद्वानाने स्वतः शंभर वेळा म्हटलं असतं तरी काही झालं नसतं. ज्ञान एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे. कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता तो कपडे फाडेल, केस मोकळे सोडेल, वरचा ओठ झाकेल आणि 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत चालेल. तटबंदीच्या गावात त्याला राहता येणार नाही. उज्जीया नावाचा राजासुद्धा कपाळावर डाग उठल्यावर मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. हे बघताना पोटात कालवतं, कालवायलाच हवं. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसं सुरत सोडून गावाकडे पळाली. घरच्या कुणाकडून त्या दिवसांविषयी ऐकलं असेल तर हे ओरडणं तुम्हाला ओळखीचं वाटेल.

पण हा संसर्ग रोखण्याचा बंदोबस्त होता असं समजू नका. तसा असता तर पुढचे नियम जुळले नसते. नवरदेवाच्या अंगावर डाग दिसला तर लग्नाचे सात दिवस त्याला तपासायचंच नाही. सणातही सूट. डाग पसरत पसरत डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग पांढरं झालं, तर माणूस शुद्ध! आणि सभास्थानात त्याला प्रार्थनेला येता येतं: दहा तळहातांच्या रुंदीएवढ्या उंचीचा, चार हात रुंदीचा आडोसा करायचा, त्याने सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि सगळ्यांनंतर बाहेर यायचं. जंतूंची भीती असलेला समाज असे नियम करत नाही. इथे प्रश्न मंदिराच्या पावित्र्याचा आहे. याजक रोग बघत नव्हता, कोण कुठे उभं राहू शकतो ते बघत होता.

आता बाही वर करा. दाखवा त्याला.

तो उजेडात तुमचा दंड बघतो, बराच वेळ. केस पांढरे नाहीत. खोली नाही. मग तो मान हलवतो: परक्यांच्या डागांना हा कायदा लागू नाही. तुम्ही सुटलात असं वाटेल, सुटला नाहीत. त्याच्या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न नव्हता: इथे स्पर्श कळतो का? तुमच्या चट्ट्यावर त्याने काटा टोचला असता तर तुम्हाला कळला नसता. कुष्ठरोगाची मुख्य खूण बधिरपणा आहे, आणि लेवीयच्या दोन्ही अध्यायांत बधिरपणाचं नाव नाही. सात दिवसांत बदलणारा, केस पांढरे करणारा, कपड्यांवर आणि भिंतींवरही उगवणारा तो 'डाग' म्हणजे आजचा कुष्ठरोग नव्हेच. तरीही दोन हजार वर्षं जगभरच्या कुष्ठरुग्णांनी त्या अध्यायांची शिक्षा भोगली. हा मला इतिहासातल्या मोठ्या अन्यायांपैकी एक वाटतो.

निघण्याआधी आणखी एक दिवस थांबा, कारण याच दिवसासाठी मी तुम्हाला इतक्या लांब आणलं.

खांद्यावरचा डाग बरा झाला आहे. आणि बाहेर पडलेला माणूस गावाकडे येत नाही. याजक गाव सोडून त्याच्याकडे जातो. नियमशास्त्रात तसंच लिहिलं आहे. तो त्याला तिथे, बाहेर, तपासतो. मग दोन पक्षी मागवतो. एक मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारला जातो. दुसरा गंधसरूचं लाकूड, किरमिजी धागा आणि एजोब नावाचं झुडूप यांच्यासह त्या रक्तपाण्यात बुडवून, माणसावर सात वेळा शिंपडून झाल्यावर मोकळ्या रानात सोडला जातो. मग सगळे केस काढणं, अंघोळ, सात दिवस, पुन्हा केस काढणं. आठव्या दिवशी अर्पणं: तीन कोकरं, पीठ, तेल. ऐपत नसेल तर एक कोकरू आणि दोन पारवे किंवा होले. मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात या लोकांसाठी एक वेगळी खोलीच आहे. तिथून पुढे आल्यावर याजक त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त लावतो, त्यावर तेल. अहरोन आणि त्याच्या मुलांना पहिल्यांदा याजक केलं तेव्हा रक्त याच तीन ठिकाणी लावलं होतं. गावाबाहेर काढलेल्या माणसाला परत घेताना विधी वापरला तो थेट याजकाच्या दीक्षेचा.

बाहेर काढायला एक शब्द पुरला होता. आत घ्यायला आठ दिवस, पाणी, तेल, पक्षी, आणि घोषणा. मला या जुन्या कायद्यातली हीच बाजू घेण्यासारखी वाटते.

परतीची वाट मुंबईवरून आहे, आणि मध्ये सुरतेतच एक क्षण डोळे उघडा. अठराव्या शतकाच्या अखेरचं सुरत. अलेप्पोहून आलेला शालोम कोहेन नावाचा यहुदी व्यापारी इथे पेढी चालवतो आहे. 1798 मध्ये तो कलकत्त्याला जाईल. आडनाव सांगतं की तो याजकांच्या वंशातला. पण मंदिर पडून सतरा शतकं झाली आहेत आणि डाग तपासायला त्याच्याकडे कुणी येत नाही. कोकणात मराठी बोलणारे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, त्यांच्याकडेही धार्मिक कामं काजी बघत. डागाची तपासणी त्यांच्या परंपरेत राहिलेली नाही.

माटुंगा, 1890. महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांनी बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला आहे. शाळिग्राम नावाच्या अभ्यासकाबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲक्वर्थ ते हेच. आठ वर्षांनी, 1898 मध्ये, सरकार कायदा करतं. आता रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतो. त्याला निरीक्षकापुढे उभं करायचं. निरीक्षक अंग तपासून दाखला देणार. दाखल्यावर मॅजिस्ट्रेट आश्रमात पाठवणार. याजकाच्या जागी डॉक्टर आला, आणि 'अशुद्ध' या शब्दाच्या जागी छापील फॉर्म. जरा सांभाळून उभे राहा. तुमचा शर्ट मळलाय, खिसा रिकामा आहे, आणि हा कायदा गरिबालाच शोधतो. घर असलेल्या सावकाराच्या हातावरचे चट्टे त्याला दिसत नाहीत. सुटकेचं कलम कागदावर आहे. पण हॅन्सेनने 1873 मध्ये जंतू दाखवला असला तरी औषध नाही. डॅप्सोन यायला 1940 चं दशक उजाडेल. मग बरा झालास, घरी जा, असं म्हणणार कोण?

गरनाळं. भोंगे. लिंबायत.

आता एक आरोग्यसेविका दारात उभी आहे आणि विचारते आहे, घरात कुणाला न खाजणारा, न दुखणारा चट्टा आहे का? बाही वर करा. ती तुम्हाला डोळे मिटायला सांगेल आणि पेनचं टोक चट्ट्याच्या आत-बाहेर टेकवेल. कुठे लागलं ते बोटाने दाखवायचं. आत टेकवलेलं तुम्हाला कळणार नाही. याजकाने न विचारलेला प्रश्न तो हाच. ती तुम्हाला केंद्रावर पाठवेल, तिथे डॉक्टर ठरवतील. इथल्या फलकावर रोगाचं नाव गुजरातीत 'रक्तपित्त' असतं, त्याने गोंधळू नका. 1983 पासून देशात बहुविध औषधोपचार आहे: गोळ्यांची पाकिटं, 6 किंवा 12 महिने, फुकट. उपचार सुरू झाला की दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळपास संपते. घर सोडायचं नाही, काम सोडायचं नाही, यंत्रमागाचं खातंही सोडायचं नाही.

2005 च्या अखेरीस भारताने प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर केलं. तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. 1898 चा कायदा रद्द झाला 2016 मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत होता, ते कारण 2019 मध्ये काढलं.

शेवटचं पाकीट संपलं की कार्डावर नोंद होते, पण तुमच्या दारात येऊन, चार माणसांसमोर, हा बरा झाला असं कुणी सांगत नाही. ते काम सरकारी केंद्राचं नाहीच, भाऊबंदांचं आहे. तेव्हा ओळखीतल्या कुणाच्या गोळ्या पूर्ण झाल्या असतील, तर श्रावणात कानबाईचे रोट होतील तेव्हा त्याच्या निरोपाची वाट बघू नका. त्याच्या घरी जा आणि त्याला पंगतीत आणून बसवा.